चोवीस यंत्रांची यादी

१३ मार्च २०२३, सोमवार

आज वंदना आली होती, आमच्या कन्याशाळेची हल्लीची मुख्याध्यापिका. फोन न करता, मावा जिलबीचा पुडा घेऊन. मी निवृत्त होऊन पाच वर्षं झाली आणि या पाच वर्षांत बाईसाहेब माझ्या दारात तीनदा आल्या. दोनदा लग्नपत्रिका घेऊन. त्यामुळे जिलबी बघूनच मी म्हटलं, "काम सांग."

"काय गं सुलभाताई, बसू तरी दे," म्हणाली. बसली. मग सांगितलं.

संस्थेच्या दोन्ही शाळांचं एकत्रीकरण गेल्या वर्षापासून चाललंय. आमची कन्याशाळा आणि स्टेशन रस्त्यावरची मुलांची शाळा, दोन्ही कागदावर एक होणार. दोन्हीकडच्या संगणक खोल्या आता एकाच नव्या सर्व्हरवर चालवायच्या आहेत. जुन्या सर्व्हरवरचा प्रोग्राम त्याच्या कर्त्यांनीच बंद केला. आता त्यात सुधारणा होणार नाहीत. नवा प्रोग्राम आहे, पण त्याला यंत्रांची यादी वेगळ्या पद्धतीने लिहून लागते. आणि यादी माझी.

"तुझ्याशिवाय कोणाला जमणार आहे?" असं म्हणाली.

खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. मी विचारलं, "मुलींची खोली मुलींच्याच इमारतीत राहणार ना?" ती म्हणाली, "अगं, म्हणजे काय!"

जिलबी अजून गरम होती.

१६ मार्च, गुरुवार

शाळेत जाऊन आले. खोलीला कुलूप होतं ते शिपायाने उघडलं आणि धुळीचा वास आला. दोन हजार नऊमध्ये या खोलीत चोवीस यंत्रं बसवली तेव्हा इंदूरहून आलेल्या इंजिनिअरने मला तीन दिवस शिकवलं. बाकीचं मी वह्या भरून स्वतः शिकले. यंत्रांना हार्ड डिस्क नाही. बटण दाबलं की यंत्र जाळ्यावर हाक मारतं, मी कोण? कोपऱ्यातला सर्व्हर त्याच्या कार्डाचा बारा अक्षरी नंबर बघतो, यादीत शोधतो, आणि उत्तर देतो: तू अमुक, तुझा पत्ता हा, ही फाईल घे आणि उठ. मी त्यांना नक्षत्रांची नावं दिली. अश्विनीपासून सुरुवात, शततारकेवर संपली. "मॅडम, ज्येष्ठा उठत नाहीये," असं मुली ओरडायच्या, आणि एकदा इन्स्पेक्टरना वाटलं कोणी मुलगी चक्कर येऊन पडली.

आता पंधराच चालतात. दोन हजार एकोणीसच्या पावसाळ्यात वीज पडली आणि नऊ यंत्रांचे बोर्ड जळले. चुडामण मेकॅनिकने बदलले म्हणे, तरी एकही उठलं नाही. जुनेच बोर्ड परत घातले असणार. मी तेव्हाच सांगितलं होतं, ठग आहे. संस्थेच्या कमिटीने त्याला शाळेचं काम बंद केलं ते बरंच झालं. नऊ यंत्रं भिंतीला लावून ठेवलीत, वर चादर. पंधरा यंत्रांवर साठ मुली. एका पडद्यासमोर चार-चार डोकी.

अरविंद तिथेच होता. हा माझा विद्यार्थी नव्हे, मुलांच्या शाळेतला संगणक शिक्षक. पण खंडव्याच्या शिबिरात माझ्याकडे आठ दिवस शिकलाय. मी सर्व्हरवरून जुनी फाईल पेन ड्राइव्हवर घेत होते तर मागे उभा राहून म्हणाला, "मॅडम, ये नंबर ताजे आहेत ना? एकेक मशीन उघडून बघितलं का?"

मी म्हटलं, "हे नंबर मी स्वतः लिहिलेत."

"हां, तेच विचारतोय," म्हणाला. हल्लीची मुलं.

२२ मार्च, बुधवार. पाडवा

गुढी लावली, श्रीखंड खाल्लं, आणि महिरपी कंसांत बसले. जुन्या पद्धतीत माणसासारखं लिहायचं होतं: यंत्र रोहिणी, कार्ड अमुक, पत्ता अमुक, अर्धविराम, संपलं. नव्यात सगळं अवतरण चिन्हात, कंसात कंस, कंसात कंस, जणू कोणी एकेक शब्द पार्सल करून पाठवतंय. एक बदलून देणारा प्रोग्रामही मिळतो. जुनी फाईल त्यात घातली की नवी बाहेर येते. घातली. बाहेर आली. माझे शेरे गायब.

नोकरीच्या नऊ वर्षांत मी त्या फाईलमध्ये प्रत्येक यंत्राशेजारी शेरा लिहिला होता. "मघा: पंखा आवाज करतो, घाबरू नये." "चित्रा: हिच्यावर दहावीच्या मुलींनी पहिली परीक्षा दिली." प्रोग्रामला ते कचरा वाटले. मी यंत्राला काय बोलणार? बोलले मात्र.

आता प्रोग्राम बाजूला ठेवून हाताने लिहिणार आहे.

२९ मार्च, बुधवार

तीन तास एका स्वल्पविरामापायी गेले. शततारकेनंतर कोणी नाही, मग तिच्यामागे स्वल्पविराम नको. नवा प्रोग्राम सांगतो ओळ दोनशे अकरा. चूक दोनशे दहावर. आमच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टर अशाच होत्या. जिथे चूक व्हायची तिथे काही बोलायच्या नाहीत, दुसऱ्या दिवशी मात्र हातावर पट्टी. आणि मराठी बोललं की गळ्यात पाटी. म्हणून की काय, खासगी ते सगळं मी मराठीतच लिहिते.

एक नियम नव्यात आणायला फार त्रास झाला: यादीत नाव नाही, त्याला उत्तर नाही. दहा साली एका शिक्षकाने घरचा लॅपटॉप आणून जाळ्यात लावला आणि वर्ग बंद पडला, तेव्हापासून माझा हा नियम. ओळखीच्यांना वाढा, बाकीचे दाराबाहेर. नव्या पद्धतीत ओळखीच्यांचा वेगळा वर्ग करावा लागतो. केला. बसला. रात्री नीट झोप लागली, बऱ्याच दिवसांनी.

३ एप्रिल, सोमवार

अरविंद संध्याकाळी घरी आला. चहा नको म्हणाला आणि प्यायला. मग एकदम, "मॅडम, लॅब तिथेच राहणार हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"वंदनाने."

"लेखी आहे का?"

मी म्हटलं, "बत्तीस वर्षांची ओळख आहे आमची. तुमच्या पिढीला सगळं लेखी लागतं कारण तोंडी कोणी तुम्हाला काही सांगत नाही."

हसला नाही. म्हणाला, "हमारे यहाँ ऊपर हॉलमध्ये नवीन टेबलं आलीत. सत्तावीस. आमच्याकडे मशीन बारा आहेत. मी फक्त एवढंच सांगायला आलो."

मला कळलं त्याचं दुखणं. एकत्र शाळेतला संगणक विभाग त्याला स्वतःकडे हवाय. आणि वंदना मला विचारते, त्याला नाही. मी तसं तोंडावर सांगितलं. तो उठला, चप्पल घातली, आणि दारातून म्हणाला, "चलो, तुम्ही मोठ्या आहात."

मोठी आहेच.

११ एप्रिल, मंगळवार

वंदनाचा फोन. कौतुक केलं, मग विचारलं, "एक सांग गं, ही यंत्रं समजा इकडची तिकडे केली, या खोलीतून त्या खोलीत, तर नावं बदलावी लागतील?"

मी म्हटलं, मुळीच नाही. हीच तर माझ्या यादीची खुबी. यंत्र कुठेही न्या, कार्डाचा नंबर त्याच्या पोटात असतो. सर्व्हरचं जाळं पोचलं म्हणजे झालं. नदीवर राजघाटावर नेऊन लावलं तरी रोहिणी रोहिणीच उठेल.

"म्हणजे इमारत बदलली तरी?"

"इमारत बदलली तरी."

किती छान विचारते ती. पूर्वी शिक्षकांच्या संगणक वर्गात नुसती जांभया द्यायची. म्हटलं, मुख्याध्यापक झाल्यावर माणूस शिकतो.

२० एप्रिल, गुरुवार

झालं! नव्या सर्व्हरवर नवी यादी चढवली. दोन्ही शाळांची मिळून छत्तीस नावं. मुलांच्या शाळेतल्या बारांची नावं अरविंदने पाठवली होती, नुसती एक-दोन-तीन अशी. मी त्यांना महिन्यांची नावं दिली. चैत्र ते फाल्गुन. अरविंद म्हणाला, "मॅडम, अधिक मास आला तर?" बरा विनोद होता, मीही हसले. त्या दिवशीच्या बोलण्यानंतर पहिल्यांदाच.

आमची पंधरा उठली. नऊ अर्थातच नाही, पण यादीत मी त्यांना ठेवलं आहे. घरातलं माणूस आजारी आहे म्हणून रेशनकार्डावरून नाव काढतात का?

वंदनाने सचिवांसाठी एक पत्र मागितलं. संस्थेचे सचिव नंदकुमारजी, ज्यांना प्रत्येक गोष्ट एका पानात लागते. मी लिहिलं. ती वाचून म्हणाली, "ते कुठेही चालतील असं तू म्हणाली होतीस ना, ते घाल. छान वाटतं." घातलं. "सर्व चोवीस यंत्रे नव्या यादीत घेतली असून संस्थेच्या कोणत्याही इमारतीत, कोणत्याही खोलीत ती पूर्ववत चालतील." खाली सही, निवृत्त ज्येष्ठ शिक्षिका. वंदनाने माझा हात दाबला. तिचा हात थंडगार होता. बेचाळीस डिग्रीत.

९ मे, मंगळवार

अकराच्या उन्हात दारावर थाप. नदीपलीकडच्या जैनाबादची सरुबाई. तिची मुलगी शारदा नववीत आहे, संगणकात हुशार. नवरा, कडू, केळीच्या बागेत घड उतरवतो. पूल ओलांडून चालत आली होती. पाणी दिलं. अर्धा तांब्या प्यायली आणि उरलेलं पाणी डोळ्यांना लावलं.

"बाई, पोरीचा कम्प्युटर सुटला."

मला वाटलं नापास झाली. मग हळूहळू बाहेर आलं. शनिवारी पालकांची सभा झाली. मुलींची यंत्रं सुटीतच स्टेशन रस्त्यावर मुलांच्या शाळेत गेली. वरच्या हॉलमध्ये. तास शाळा सुटल्यावर, पाच ते साडेसहा, मुलामुलींचा एकत्र. तिथून जैनाबाद म्हणजे दिवेलागण. कडूने सांगितलं, विषय बदल, गृहविज्ञान घे. जैनाबादच्या नऊ मुलींपैकी आठजणींच्या घरी हेच.

मी म्हटलं, "सभेत बोलला का नाहीत तुम्ही? ओरडायचं होतं!"

सरुबाई माझ्याकडे बघतच राहिली. "बोलनारच होतो ना बाई. माझा मालक उभा राहिला होता. तं मोठ्या बाईंनी कागद वाचला. सुलभा मॅडमनं लिहून देलं आहे, त्यांची सही आहे, कोन्त्याबी इमारतीत चालंल. तुमची सही आहे म्हटल्यावर आमी खाली बसलो."

मला उन्हात उभं राहिल्यासारखं झालं, घरात पंख्याखाली.

जाताना ती म्हणाली, "तुमी केलं आसंल तं काही इचार करूनच केलं आसंल." हे तिने टोमणा म्हणून म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

१० मे, बुधवार

वंदनाच्या घरी गेले. दार तिनेच उघडलं आणि मला बघून "ये" सुद्धा म्हणाली नाही, नुसती बाजूला झाली. म्हणजे तयार होती.

मी विचारलं, "जिलबी कुठून आणली होतीस गं? दुकानाचं नाव सांग. बत्तीस वर्षांचा सौदा पाव किलोत जमवून देतात, चांगलं दुकान आहे."

"सुलभाताई, निर्णय कमिटीचा होता. जानेवारीतच झाला होता."

जानेवारीत. मार्चमध्ये ती माझ्याकडे आली.

"मग मला कशाला नाचवलंस? यादी अरविंदने केली असती."

"एका दिवसात केली असती," ती म्हणाली. "तो तसं म्हणालाही होता." मग खाली बघून, "पालक माझं ऐकत नाहीत. तुझं ऐकतात. अजूनही. नंदकुमारजी म्हणाले, सुलभाबाईंचा कागद असेल तर सभा पाच मिनिटांत उरकेल."

यादी नकोच होती कोणाला. मी दोनशे अकरा ओळींवर डोळे फोडत होते, आणि त्यांना हवी होती पत्राखालची एक ओळ, माझ्या सहीची.

ती पुढे काही सांगत होती. एकत्र शाळेला एकच मुख्याध्यापक, तिची दोन वर्षं राहिलीत, नवऱ्याचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा, वगैरे. आतून खोकल्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, कारणं प्रत्येकाकडे असतात, चोराकडेही असतात. आणि निघाले.

११ मे

काही नाही.

१७ मे, बुधवार

अरविंद आला. मी दार उघडलं आणि म्हटलं, "बोल. 'मी सांगितलं होतं' असं म्हणून घे एकदाचं."

"नाही मॅडम," म्हणाला आणि यावेळी चहा मागून घेतला.

त्याने सांगितलं ते असं. वरच्या हॉलमध्ये टेबलं सत्तावीस. आमची पंधरा, त्यांची बारा, जागा भरली. चादरीखालची नऊ यंत्रं आणि जुना सर्व्हर मुलींच्या इमारतीतच पडून आहेत. भंगाराच्या यादीत. पंधरा जूनला भंगारवाला येणार.

"नेऊ दे," मी म्हटलं. "मेलेली आहेत."

तो कपातल्या चहाकडे बघत म्हणाला, "मेलेली नाहीत मॅडम. मी काल लावून बघितली. नऊच्या नऊ ओके आहेत. बोर्ड नवीन आहेत, एकदम बढिया. बोर्ड बदलला की त्याच्यावरचं कार्डही बदलतं ना. नंबर नवा. ती हाक मारतात. सर्व्हरला ऐकू येतं. पण यादीत जुना नंबर आहे, म्हणून..."

वाक्य त्याने सोडून दिलं. मला पूर्ण करता येत होतं. यादीत नाव नाही, त्याला उत्तर नाही.

चार वर्षं.

मार्चमध्ये त्याने विचारलं होतं, एकेक मशीन उघडून बघितलं का. आणि मी नव्या फाईलमध्ये ते नऊ जुने नंबर पुन्हा सुबक अक्षरात, कंसात, अवतरणात उतरवले. हाताने.

१८ मे, गुरुवार

रात्रभर स्वतःला सांगत होते की अरविंद चुकला असेल. सकाळी आम्ही दोघं शाळेत गेलो. आठ वाजता, ऊन चढायच्या आत. चादर काढली. त्याने स्वातीचं झाकण उघडलं, मी बॅटरी धरली. बोर्डवरच्या चिठ्ठीवरचा नंबर वाचला आणि माझ्या यादीशी ताडून पाहिला. बारातली पहिली सहा अक्षरंसुद्धा जुळत नव्हती. सर्व्हरच्या नोंदवहीत तर सगळं लिहिलेलंच होतं: अनोळखी कार्ड, उत्तर नाही. अनोळखी कार्ड, उत्तर नाही. एकोणीसच्या ऑगस्टमध्ये ओळीने चारशेच्या वर वेळा. कोणी तरी रोज बटण दाबून बघत होतं.

मी जुन्या यादीत स्वातीचा नंबर खोडून नवा घातला. जुन्याच पद्धतीत, अर्धविराम देऊन. सर्व्हर पुन्हा सुरू केला, बटण दाबलं. चाळीस सेकंदात उठली.

अरविंद म्हणाला, "मॅडम, बसा जरा." मी बसले नाही. बाकीची आठ करून घेतली. मग तो नियमच काढून टाकला. यावं कोणीही.

१९ मे, शुक्रवार

चुडामणच्या दुकानावर गेले. बस स्टँडमागे टपरीएवढं दुकान. त्याने मला ओळखलं आणि हातातलं काम खाली ठेवलं नाही. मी उभ्या उभ्या सांगितलं: बोर्ड नवेच होते, चूक माझी होती.

तो पेचकस फिरवत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, चार साल झाले. तुमच्या शाळेचं पाहून कॉलेजनं बंद केलं, मग बँकेनं. आता बोर्ड नवे होते हे मला सांगताय? ते मला माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा ना."

मी पदर डोक्यावर घेतला आणि उन्हात निघाले.

२४ मे, बुधवार

भंगारातून वस्तू परत घ्यायचा अर्ज असतो हे आज कळलं. आमच्या संस्थेत प्रत्येक गोष्टीचा अर्ज आहे आणि प्रत्येक अर्जात एक रकाना: जबाबदार व्यक्ती. भंगाराच्या कागदावर त्या रकान्यात चुडामणचं नाव होतं, तेच कारकुनाने अर्जावरही उतरवलं होतं. "मेकॅनिकने जुने बोर्ड बसविल्यामुळे निकामी." नऊ यंत्रं मुलींच्या इमारतीत ठेवून दुपारी तास घ्यायचे असतील तर ती निकामी नव्हती असं कमिटीला लिहून द्यावं लागणार, आणि मग कोण जबाबदार ते.

वंदना ऑफिसात होती. अर्ज वाचला. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"नऊ यंत्रांना मी विरोध करणार नाही," म्हणाली. "मुलींना मिळू देत. पण चुडामणचं नाव तसंच राहू दे. तो नाही तरी बाहेरच आहे. यंत्रं दुरुस्त करून घेतली एवढंच लिही. नंदकुमारजींच्या हातात असा कागद देऊ नकोस सुलभाताई. ते सभेत वाचून दाखवतील."

"तुला सवय आहे ना माझे कागद सभेत वाचायची."

तिचा चेहरा उतरला. मला समाधान झालं. मग ती अगदी हळू म्हणाली, "एकोणीस साली मी तुला तीनदा फोन केला होता. नऊ यंत्रं उठत नाहीत, काय करू. आठवतं काय म्हणालीस? मी निवृत्त झाले, मी शाळेची वायरमन नाही. तिसऱ्यांदा म्हणालीस, मेकॅनिक ठग आहे. बघायला आली नाहीस. मी रोज सकाळी प्रार्थनेआधी जाऊन एकेक बटण दाबायची. वाटायचं, एखादं उठेल."

आठवत नव्हतं. मग आठवलं. तेव्हा मला निरोप समारंभात शाल दिली आणि भाषण नंदकुमारजींनी केलं, वंदनाने नाही, याचा राग होता. वर्षभर होता.

म्हणून तिने जे केलं ते माफ होत नाही. माझं तिच्यात वजा करायचं, तिचं माझ्यात, आणि शून्य, असा हिशेब मला मान्य नाही. तिचं तिचं. माझं माझं.

मी पेन घेतलं. चुडामणचं नाव खोडलं. वर लिहिलं, सुलभा. आणि कारणाच्या जागी: बोर्ड नवेच होते. यादीतले नंबर मी बदलले नाहीत, व बोलावूनही पाहायला आले नाही. खाली सही. मग आणखी एक ओळ घातली, अर्जात मागितली नव्हती तरी: वीस एप्रिलच्या माझ्या पत्राचा अर्थ मुलींच्या खोलीच्या स्थलांतराला संमती असा काढू नये, ती मी दिलेली नाही व देणार नाही.

वंदनाने शेवटची ओळ दोनदा वाचली. ती म्हणाली असती की ही काढ, तर मी तयार होते. तिने ड्रॉवर उघडला. आवक शिक्का मारला, नंबर टाकला, पोच दिली. शिक्का वाकडा बसला.

८ जून, गुरुवार

काल कमिटी झाली. अरविंदकडून कळलं. नंदकुमारजींनी माझा कागद उभं राहून वाचला, "माझी चूक" या भागावर आवाज चढवून. कोणीतरी म्हणालं, बाई फार कडक होत्या, शेवटी काय झालं. शेवटची ओळ वाचलीच नाही. वेळ झाली म्हणे. निर्णय: पंधरा यंत्रं जिथे आहेत तिथेच. पालकांनी सभेत संमती दिली आहे, आता बदल नाही. भंगारातली नऊ आणि जुना सर्व्हर मुलींच्या इमारतीत एक वर्ष ठेवायला हरकत नाही, जबाबदारी अर्जदाराची. आणि चुडामणवरची बंदी उठवली. दोन ओळीत.

पंधरा गेली ती गेली. रोहिणी, मघा, चित्रा. शाळा सुरू झाली की तिकडे मुलं पहिल्याच आठवड्यात नावं बदलून क्रिकेटपटूंची ठेवतील.

जैनाबादला मी स्वतः गेले. कडू म्हणाला, "नऊ मशीन म्हंजे नऊ पोरी. किती वाजता सुटंल?" मी म्हटलं, साडेतीन. त्याने विचारलं, "लिहून देता का?" सरुबाई ओशाळली, "अवो, बाईला आसं..." मी म्हटलं, बरोबर विचारतोय तो. लिहून दिलं. त्याने कागद घडी करून टोपीत ठेवला.

३ जुलै, सोमवार

दुपारी दोन. सात मुली आल्या. दोघींच्या घरचं अजून नक्की नाही. शारदा स्वातीवर बसली. एकेका यंत्रावर एकेकच मुलगी. त्यांना सवय नाही, पहिली दहा मिनिटं एकमेकींकडे सरकत होत्या. मी यादी फळ्यावर लिहून त्यांना ती समजावली, कार्ड, नंबर, नाव, आणि प्रत्येकीला आपापल्या यंत्राचा नंबर स्वतः शोधून यादीत घालायला लावला. एकीने चूक केली, यंत्र उठलं पण बिननावाचं, ती रडवेली झाली. मी रागावणार होते.

तीनच्या सुमारास वंदना दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही. चपला काढून ठेवल्या होत्या, तरी आली नाही. मुली उठून उभ्या राहिल्या, तिने हाताने बसवलं. मी तारेचं एक टोक खोचत होते. ती जवळ आली असं वाटलं, पण उंबऱ्याशीच होती.

"सुलभाताई, अजून रागावली आहेस?"

"हो," मी म्हटलं.

ती थांबली. बत्तीस वर्षं माझ्या "हो"नंतर टोमणा येतो हे तिला पाठ आहे, त्याची वाट बघत असावी. मी तार खोचली आणि पुढच्या यंत्राकडे गेले.